जुनी अँबेसिडर, बदललेले इंजिन : बडोद्यातला फसवणुकीचा अनुभव

जुन्या मोटारी पूर्ववत करून देतो असे सांगणाऱ्या बडोद्याजवळच्या एका गॅरेजमालकाने आमच्या १९६१ सालच्या अँबेसिडरचे मूळ इंजिन काढून घेतले आणि त्याच्या जागी कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचे, झिजलेले इंजिन बसवले. गंजलेला पत्रा बदलल्याचे पैसे घेऊन त्याने प्रत्यक्षात तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली, आणि हे सगळे उघडकीस आल्यावर गाडीच अडवून ठेवली. प्रकरण सध्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव येथे लिहीत नाही. मात्र त्याची पद्धत सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांच्या मागच्या अंगणांत अजूनही अशा गाड्या झाकून ठेवलेल्या आहेत, त्यांचे मालक बहुतेक वयस्कर आहेत आणि ही माणसे नेमकी त्यांच्याच शोधात असतात.

गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. त्यांच्या वडिलांनी ती नवी घेतली होती आणि पुढे ती अण्णांच्या नावावर झाली. अण्णांना या गाडीबद्दल वाटणाऱ्या अभिमानात बडोद्याचा एक धागा आहे. हिंदुस्तान मोटर्सची सुरुवात १९४२ साली ओखा बंदरावर झाली आणि ते बंदर तेव्हा बडोदे संस्थानाच्या ओखामंडळात होते. कारखाना पुढे बंगालमध्ये उत्तरपाडा येथे गेला आणि तिथे मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून अँबेसिडर तयार होऊ लागली. मला स्वतःला या गाडीची गोडी अण्णांमुळेच लागली. स्टिअरिंगलाच असलेला गिअर कसा टाकायचा, चोक किती ओढायचा, उतारावर ड्रम ब्रेकवर किती भरवसा ठेवायचा हे त्यांनी मला शेजारी बसून शिकवले, आणि पुढे रविवारी सकाळी रहदारी वाढण्यापूर्वी सुरसागराला फेरी मारून येणे हा आम्हा दोघांचा नेम झाला.

फसवणूक समजण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट आधी सांगावी लागेल. अँबेसिडरमध्ये सुरुवातीच्या काळात आलेले १४८९ सीसीचे, बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बनावटीचे पेट्रोल इंजिन पुढे कित्येक दशके जवळजवळ तसेच चालू राहिले. गाडीचा सांगाडाही फारसा बदलला नाही. त्यामुळे १९६१ च्या गाडीत १९८० च्या टॅक्सीचे इंजिन सहज बसते, आणि बॉनेट उघडून वरवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. आमच्या गाडीचे इंजिन कधीही बोअर केलेले, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे केलेले नव्हते. चारही सिलिंडर कारखान्यातून निघाले त्याच मापाचे होते. असा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, आता दुर्मिळ झाला आहे आणि जाणकार त्याला चांगली किंमत मोजतात.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा सारे शहर तिथे लोटले होते. त्या गर्दीत हा गृहस्थ अण्णांशी बोलू लागला. तो सहभागी नव्हता, आमच्यासारखाच पाहायला आला होता. त्याचे मराठी चांगले होते. आपले आजोबा गायकवाड सरकारच्या मोटारखान्यात मेकॅनिक होते, असे त्याने सांगितले. ते खरे की खोटे हे तपासण्याचा मार्ग कोणालाच नव्हता, आणि म्हणूनच ते सांगितले गेले असे मला आता ठामपणे वाटते. बडोद्याच्या मराठी घरांत संस्थानाच्या नोकरीचा उल्लेख झाला की परकेपणा गळून पडतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढच्याच आठवड्यात तो पेढे घेऊन घरी आला, गाडीभोवती फिरला, आणि अण्णांनीही कधी लक्ष न दिलेल्या दोन-तीन बारकाव्यांचे त्याने कौतुक केले. त्याला गाड्यांची माहिती होती, यात शंका नाही; अजाण माणसाला कोणता ब्लॉक चोरण्याच्या लायकीचा आहे हे कळलेच नसते.

त्याने साडेतीन लाखांचा अंदाज दिला. सोबत एक वाक्य जोडले, की गाडी खोलल्याशिवाय पत्र्याची खरी अवस्था कळत नाही. हे वाक्य खरे आहे, कोणताही प्रामाणिक डेंटरसुद्धा तेच सांगेल, आणि पुढची सगळी लूट या खऱ्या वाक्याच्या आडून झाली. गाडी गॅरेजमध्ये पोहोचताच काही दिवसांतच त्याने ती पूर्ण सुटी केली. दारे एका कोपऱ्यात, काचा दुसरीकडे, इंजिन स्टँडवर, कुशनचे काम करणाऱ्याकडे सीटा. कामाचा वेग पाहून आनंद वाटावा असाच तो प्रकार होता, पण या घाईमागे हेतू होता. चालती गाडी मालक एका दिवसात परत आणू शकतो. अर्धवट सुटी केलेली गाडी दुसरा कोणताही कारागीर हातात घेत नाही, कारण कोणता भाग कुठे ठेवला आहे हे पहिल्यालाच माहीत असते. येथून पुढे रकमा वाढत गेल्या. फ्लोअर, दरवाज्यांखालच्या पट्ट्या, मडगार्डच्या आतला पत्रा, अशी एकेक मागणी येत गेली आणि एकूण खर्च नऊ लाखांच्या वर गेला. पैसे रोख द्यावेत असा त्याचा आग्रह होता. आम्ही बहुतेक रक्कम बँकेतूनच पाठवली आणि आज आमच्या तक्रारीचा मुख्य आधार त्या नोंदीच आहेत.

पहिला संशय एका फोटोमुळे आला. नवा फ्लोअर बसवल्याचा फोटो त्याने पाठवला आणि त्याचे पैसे मागितले. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आमचे शेजारी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "वहिनी, ही तुमची गाडी नव्हे." फोटोतल्या फ्लोअरच्या मध्यावर गिअरच्या दांड्यासाठी भोक होते. आमच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगला आहे, तिच्या फ्लोअरला तसे भोक असण्याचे कारणच नाही. खाली गिअर असलेली अँबेसिडर १९९० च्या दशकातली, इसुझूच्या १८०० सीसी इंजिनाची. म्हणजे कुठल्या तरी टॅक्सीच्या कामाचा फोटो आमच्या नावावर खपवला जात होता. विचारल्यावर त्याने हसून, मुलाच्या हातून चुकीचा फोटो गेला असे सांगितले आणि तासाभरात दुसरा फोटो पाठवला, ज्यात भोक नव्हते, पण ओळख पटेल असे दुसरेही काही नव्हते.

त्यानंतर आम्ही कागद मागायला सुरुवात केली. काचांची रबरे आणि काही क्रोमच्या पट्ट्या इंग्लंडहून मागवल्याचे पैसे त्याने लावले होते. मॉरिस ऑक्सफर्डचे काही भाग तिकडे मिळतात, त्यामुळे ते अशक्य नव्हते. परंतु परदेशातून आलेल्या मालावर सीमाशुल्क भरावे लागते आणि त्याचा कागद असतो. कुरिअरने आलेल्या छोट्या पार्सललाही तो असतो. आमच्या वाट्याला आली ती साध्या कागदावर हाताने लिहिलेली यादी, जीएसटी क्रमांकाशिवाय.

गाडी रंगवून तयार झाल्यावर आम्ही शेजारच्या काकांना घेऊन गॅरेजवर गेलो. त्यांनी पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक सोबत घेतले होते. छपरावर आणि बॉनेटवर ते घट्ट चिकटले, पण दरवाज्यांखालच्या पट्ट्यांवर आणि मागच्या मडगार्डच्या कडांवर ते सरळ खाली घसरले. जिथे नवा पत्रा जोडल्याचे पैसे घेतले होते, तिथे पत्राच नव्हता. जाळीवर थापलेली लांबी होती आणि तिच्यावर सुंदर रंग. लांबी मुळात वाईट नसते, वेल्डिंगनंतर पत्र्याचा सूक्ष्म खडबडीतपणा भरून काढण्यासाठी पातळ थर प्रत्येक जण देतो. पण गंजाच्या भोकावर जाड थर दिला की आत ओल धरते, गंज वाढत राहतो आणि एक-दोन पावसाळ्यांत तो भाग फुगून तडकतो. शिवाय अँबेसिडरला वेगळी चेसिस नाही. सगळा भार हा पत्र्याचा सांगाडाच पेलतो. दरवाज्यांखालच्या पट्ट्या कमकुवत राहणे म्हणजे आत बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळणे आहे. पैशांपेक्षा मला या गोष्टीचा संताप अधिक आला आणि तो अजून उतरलेला नाही.

इंजिनाची गोष्ट त्याच दिवशी कळली. अण्णांनी विम्याच्या कामासाठी फार पूर्वी इंजिन आणि चेसिसच्या नंबरांवर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसे घेतले होते आणि ते आरसीच्या पाकिटातच होते. गाडीत बसवलेल्या इंजिनावर नंबर आमचाच होता. पण काकांनी नवा ठसा घेऊन जुन्याशेजारी ठेवला, तेव्हा आकड्यांमधले अंतर वेगळे होते, एका आकड्याचे वळण वेगळे होते आणि भोवतालची जागा घासून सपाट केलेली दिसत होती. कुणाचे तरी नंबर पुसून त्यावर आमचा नंबर ठोकला होता. पुढे वकिलांच्या सल्ल्याने दुसऱ्या मेकॅनिककडून हेड उघडून घेतले, तेव्हा चारही सिलिंडरच्या तोंडाशी स्लीव्हची, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरच्या आत बसवलेल्या नळीची, गोल कडा स्वच्छ दिसली. आमच्या इंजिनात स्लीव्ह कधीच नव्हते.

या बदलामुळे नुकसान किती मोठे झाले, ते कायदा वाचल्यावर कळते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना त्याखाली नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे आणि राज्याची समिती तपासणी करते. ठोकलेल्या नंबरचे इंजिन घेऊन आम्ही कोणत्या तोंडाने त्या समितीपुढे जाणार? आरटीओच्या साध्या तपासणीतही असा नंबर आढळला तर गाडी चोरीची असल्याचा संशय मालकावरच येतो.

जाब विचारल्यावर त्याने आवाज चढवला, उरलेली मजुरी आणि जागेचे भाडे चुकते केल्याशिवाय गाडी मिळणार नाही असे सांगितले आणि फाटकाला कुलूप लावले. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, वस्तूवर कौशल्याचे काम केलेल्या माणसाला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते, आणि या मंडळींना ते तोंडपाठ असते. त्या कलमात वस्तू ज्या उद्देशाने सोपवली त्याला धरून काम केलेले असावे अशी अट आहे, ती मात्र ते सांगत नाहीत. आमच्या वकिलांनी वादग्रस्त रक्कम हक्क राखून, तसे लेखी कळवून, बँकेतून भरायला लावली आणि प्रत्येक भागाची यादी करून गाडी टेंपोवर चढवून घरी आणली. तेव्हाचे अण्णांचे गप्प बसणे मी विसरू शकत नाही.

पोलिसांकडे गेल्यावर हा दिवाणी वाद आहे असे प्रथम सांगितले जाते. तिथे नंबर ठोकल्याचा पुरावा पुढे ठेवावा, कारण तो मजुरीचा वाद नव्हे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्यांना भारतीय दंड संहिता लागू होते आणि नंतरच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता, तेव्हा अर्जात प्रत्येक घटनेची तारीख असावी. ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगच ऐकतो. घरबसल्या सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

ज्यांची गाडी अजून घरातच आहे त्यांनी ती हलवण्यापूर्वी इंजिन, चेसिस, डायनामो, कार्बोरेटर यांच्या नंबरांचे ठसे आणि तारखेसह फोटो घ्यावेत, त्यावर कारागिराची सही घ्यावी, आणि इंजिन व पत्र्याचे काम एकाच वेळी सुरू करू देऊ नये. पत्र्यावर रंगाचा पहिला हात पडण्याआधी स्वतः जाऊन, चुंबक लावून पाहावे. जो कारागीर त्या दिवशी येऊ नका म्हणतो त्याचा पुढचा हप्ता थांबवावा. काढलेले जुने भाग, गंजलेले असले तरी, घरी आणावेत. बडोद्यात जिवापाड काम करणारे डेंटर आणि मिस्त्री आहेत. आमची गाडी आता अशाच एकाकडे आहे आणि तो प्रत्येक पट्टी जोडण्यापूर्वी आम्हाला बोलावतो.

मूळ ब्लॉक अजून मिळालेला नाही. तो कुठे तरी विकला गेला असणार किंवा विक्रीला येणार. म्हणून जुन्या अँबेसिडरचे सुटे पेट्रोल इंजिन विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, की ते ज्या गाडीतून निघाले तिच्या आरसीची प्रत विक्रेत्याकडे मागावी, नंबरभोवतीची जागा हाताने चाचपून पाहावी, आणि प्रत मिळत नसेल किंवा ती जागा घासलेली लागत असेल तर ते इंजिन घेऊ नये.