माइक की पिंग? अनोळखी स्क्वाडशी बोलायचं कसं

बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटिंग गेममध्ये रँडम स्क्वाड, म्हणजे अनोळखी खेळाडूंचा संघ, लागला की चौघांपैकी एकाचा माइक हमखास उघडा असतो. शत्रूच्या पावलांऐवजी कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या! तो फोनच्या स्पीकरवर खेळत असेल तर आपलाच आवाज घुमून परत येतो. म्हणून इअरफोन लावा, चॅनल ‘ऑल’वर न ठेवता ‘टीम’वर ठेवा आणि त्रास देणाऱ्या एकट्याला म्यूट करा. मुलीचा आवाज ऐकताच शेरेबाजी सुरू करणारे असतातच. तिथे पिंगच, म्हणजे बटण दाबून साथीदारांना दाखवायची खूणच, बरी.

पिंगला भाषा आड येत नाही. 2019 च्या एपेक्स लेजंड्स या गेममध्ये ती फार छान बसवली आहे. पीसीवर माउसचं मधलं बटण एकदा दाबलं की जागा, दोनदा दाबलं की शत्रू. बंदुकीवर रोखून दाबा, कोणती ते कॅरेक्टरच बोलून सांगतं. साथीदार ती बंदूक स्वतःसाठी राखूनही ठेवू शकतो.

पण ‘एक शत्रू नॉक झालाय (जखमी होऊन पडलाय), दुसरा डावीकडून फिरतोय, तीन म्हणताच घुसू’ हे पिंगने कसं सांगणार? शिवाय कुणी उगाच टिकटिक करत राहिला की खऱ्या खुणेकडेही कुणी बघत नाही.

आमचा कौल पिंगला. माइक शेवटच्या वर्तुळात, म्हणजे खेळायची जागा आकसून अगदी लहान उरते तेव्हा, उघडा, तोही चार शब्दांपुरता.