सिगरेट, व्हेप की निकोटीन गम?

व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, घेतला की सिगरेट सुटली, असं टपरीवर सर्रास ऐकू येतं. जिना चढण्यापुरतं त्यात तथ्य आहे. सिगरेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणून तिसऱ्या मजल्यावर धाप लागते. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे हा वायू जवळपास नसतोच. म्हणून व्हेप फुप्फुसांना निर्धोक, असं मात्र नाही.

झोपेचं गणित वेगळं. ती बिघडवतं निकोटीन, आणि ते दोन्हीकडे आहे. अंगातलं निम्मं निकोटीन उतरायलाच साधारण 2 तास लागतात. रात्री अकराची सिगरेट झोप लांबवते, आणि पहाटे निकोटीन ओसरलं की तलफ जागं करते. इथे मला व्हेपच जास्त त्रासाचा वाटतो. सिगरेट निदान संपते, तिच्यासाठी उठून गॅलरीत जावं लागतं. व्हेप उशीखाली असतो, आणि कितवा झुरका चालू आहे हेही कळत नाही. शिवाय 2019च्या कायद्याने भारतात ई-सिगरेटची निर्मिती, आयात, विक्री, साठा सगळ्यावर बंदी आहे. चोरट्या मालाच्या पाकिटावरचा निकोटीनचा आकडा तपासणार कोण?

उरली गम, म्हणजे सिगरेट सोडताना तलफ भागवायला घ्यायची निकोटीनची गोळी. 2 मिलिग्रॅमची गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती सतत चघळायची नाही; थोडी चावायची, तोंड चुरचुरलं की गालात दाबून ठेवायची. त्यावर लगेच चहा घेतलात तर निकोटीन नीट शोषलं जात नाही. झोपायच्या तोंडावर तीही नको.

चहावरून आठवलं. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर निकालात काढतं. धूर थांबला की तेच कटिंग अंगात बराच जास्त वेळ रेंगाळतं, मग तुम्ही गमवर असा की व्हेपवर. सोडल्यावर झोप उडाली तर आधी संध्याकाळचा चहा बंद करून बघा. मनोविकाराच्या काही औषधांचंही असंच होतं. ती चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला.

राहिला मूड. झुरक्याने डोकं शांत होतं, पण ती बेचैनी आधीच्या झुरक्यानेच आणलेली असते. सोडल्यावर पहिले काही दिवस घरच्यांवर खेकसणं होतंच. तीन-चार आठवड्यांत ते बहुतेकांचं निवळतं. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 26 अभ्यास एकत्र तपासले होते. सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला.

माझं मत गमच्या बाजूने, आणि जोडीला 1800-11-2356 ही मोफत हेल्पलाइन. पहिला फोन तलफ आलेली असतानाच लावा.