सिरियल केबल की नेटवर्क कार्ड?

डॉसच्या काळातील संगणकावरील फायली नव्या संगणकावर आणण्यासाठी नल-मोडेम केबल (दोन संगणकांचे सिरियल पोर्ट थेट जोडणारी केबल) घ्यावी की इथरनेट म्हणजे नेटवर्क कार्ड, हे मुख्यतः फायलींच्या आकारावर ठरते. केबलसाठी जुन्या यंत्राचे झाकण उघडावे लागत नाही. मात्र वेग सेकंदाला जेमतेम 11 किलोबाइट मिळतो, म्हणजे 1.44 मेगाबाइटच्या एका फ्लॉपीइतक्या माहितीला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि सिरियल पोर्ट सांभाळणारी चिप 16550 ऐवजी जुनी 8250 असेल तर अक्षरे गळू लागल्याने वेग आणखी उतरवावा लागतो. 10 मेगाबिटचे आयएसए (जुन्या संगणकांतील खाचेत बसणारे) नेटवर्क कार्ड कितीतरी वेगवान असते, पण पॅकेट ड्रायव्हर (डॉसमध्ये कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणि आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठीचा क्रमांक) जुळवताना घाम फुटतो. सामायिक फोल्डरच्या नादी न लागता एफटीपी (नेटवर्कवरून फायली पाठवण्याची पद्धत) वापरावे, हे बरे. मोजकेच दस्तऐवज एकदा काढायचे असल्यास केबल पुरते. अख्खी हार्ड डिस्क उतरवायची असेल किंवा देवाणघेवाण नेहमीची असेल, तर कार्डच घ्यावे.