पीएम-किसानची गाव यादी: नावं दिसतात, रक्कम नाही

पीएम-किसानच्या पोर्टलवर कोणत्याही गावाची लाभार्थी यादी बघता येते. लॉगिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की यादी समोर. ही सोय सगळ्यांना खुली ठेवली, हे फार चांगलं केलंय. शेतकऱ्यांसाठीची ही केंद्राची योजना २०१९ पासून चालू आहे, वर्षाला २,००० चे तीन हप्ते. तरी आमच्या सेलू तालुक्यात अशी यादी असते हेच कितीतरी जणांना माहीत नाही. आपला हप्ता पडला का, एवढंच जो तो बघतो.

यादी उघडली की मात्र हिरमोड होतो. अनुक्रमांक, इंग्रजी अक्षरांत नाव, आणि स्त्री की पुरुष. किती हप्ते पडले, जमिनीच्या कोणत्या गटावर, काहीच नाही. गावात एकाच नावाचे दोघं-तिघं असतात, मग पैसे नेमके कोणाला जातात हे ओळखायचं कसं?

शेजारच्या काकूंचं नाव यादीत आहे, पण हप्ते बंद. मी त्यांचा स्टेटस काढून दिला तर 'लँड सीडिंग'पुढे 'नो', म्हणजे जमिनीची नोंद त्यांच्या नावाशी जोडलेलीच नाही. इकडे भावकीत बोलणं असं, की काकूला पैसे येतात अन् ती सांगत नाही. यादीत रकमेचा रकाना असता तर त्या माउलीला हे ऐकून घ्यावं लागलं नसतं. राज्याचे नमो शेतकरीचे ६,००० सुद्धा याच लाभार्थ्यांना मिळतात, म्हणजे एका चुकीत दोन्हीकडचं जातं.

स्त्री-पुरुषाचा रकाना मात्र कामाचा आहे. बचत गटाच्या बैठकीत मी यादी वाचून दाखवली. बायांची नावं बोटांवर मोजण्याइतकी! खुरपणी, कापूस वेचणी आम्ही करायची, सातबारा मालकाच्या नावावर. लाभ कुटुंबात एकालाच, अन् तो एक म्हणजे नवराच. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण यादीत ओळीनं बघितल्यावर बैठकीत बराच वेळ तोच विषय चालला.

आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची यादी बघा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर लागलेली, पीक नुकसानीच्या मदतीची, मराठीत, कागदावर. नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम. जिरायतीला हेक्टरी ८,५०० चा दर, त्यामुळे क्षेत्राला गुणून रक्कम कोणीही ताडून बघू शकत होतं. एका तात्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, "ह्या गटात तर पडीक हाय, सोयाबीन कवा पेरलं?" दुसऱ्याच दिवशी अर्ज गेला. पोर्टलच्या यादीवर असा प्रश्न विचारताच येत नाही.

आधार, मोबाइल, खाते नंबर उघडे करू नयेत, हे बरोबरच. पण माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, कलम ४ मध्ये, अनुदानाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील खात्यांनी आपणहून जाहीर करावा असं लिहिलंय. गट नंबर तर सातबाऱ्यावर कोणालाही दिसतो. मग दोन रकाने वाढवायला काय हरकत आहे? अन् यादी मराठीत पाहिजे.

पाचपैकी तीन तारे, तेही खुली ठेवल्याबद्दल. बघायची असेल तर 'फार्मर्स कॉर्नर'मध्ये 'बेनिफिशियरी लिस्ट' आहे. ग्रामसभेच्या आधी प्रिंट काढून न्या.