धमकावून घेतलेली संमती ओळखायची कशी? दोन कसोट्या

होकार खरा की धमकावून काढलेला, हे ठरवायला माझ्या मते दोनच कसोट्या कामाच्या. पहिली मनात डोकावते: भीती किती होती, दुसरी वाट उरली होती का? दुसरी मनात शिरतच नाही. ती एवढंच विचारते, की 'नाही' म्हटलं असतं तर या माणसाच्या हक्काचं काही हिरावलं जाणार होतं का? जाणार असेल तर धमकी, नाहीतर प्रस्ताव. तत्त्वज्ञ ॲलन वर्दायमर यांनी १९८७ मध्ये साधारण याच दिशेने मांडणी केली.

लुटारूने पिस्तूल रोखलं तर दोन्हींचं उत्तर एकच. पण शस्त्रक्रियेचं संमतीपत्र घ्या. 'केली नाही तर जीव जाईल,' डॉक्टर सांगतात. भीती पुरेपूर, पर्याय शून्य. तरी ती सही कुणी रद्द मानत नाही. म्हणजे पहिली कसोटी इथे फसते; दुसरी नाही, कारण डॉक्टर हक्काचं काही हिरावत नाहीत.

मला खरं खटकलं ते याच्या उलट टोकाला. एक नोकरी सोडताना सांगण्यात आलं, 'कसलीही तक्रार नाही' असं लिहून द्या, नाहीतर थकलेला पगार विसरा. दिलं लिहून. पुढे ज्याला सांगावं त्याचा पहिला प्रश्न, "पण तू घाबरला होतास का?" नव्हतो. दुसरी नोकरी ठरली होती, झोपही व्यवस्थित लागत होती. म्हणजे माझी संमती चोख! धीट माणसाला धमकावलं तर ते माफ, हा कुठला न्याय? माझाच पगार मला सहीच्या मोबदल्यात दिला, यापलीकडे माझ्या मनात काय चाललं होतं ते कशाला तपासायचं?

दुसरीतही भानगडी आहेत. हक्काचं काय, यावरच बहुतेक भांडणं अडतात. आणि 'हक्काचं' सोडून 'नेहमीचं' धरलं की फसलोच. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांच्या १९६९ च्या निबंधात मालक गुलामाला रोज मारतो आणि एकदा म्हणतो, अमुक कर, उद्या मारणार नाही. नेहमीच्या मानाने ही सवलत, हक्काच्या मानाने उघड धमकी.

ब्लॅकमेलपुढे मात्र दुसरी कसोटी अडखळते. खरी गोष्ट सांगायची मुभा सांगणाऱ्याला सहसा असतेच, तरी गप्प राहण्याचे पैसे उकळणं सक्तीच वाटते. तिथे, आणि दबावाखाली वागलेल्याला दोष किती द्यायचा हे ठरवताना, पहिली उजवी असेल. करार पाळायला लावायचा का, एवढाच प्रश्न असेल तर मी तरी दुसरीच घेईन.