एल्फ एचटीएक्स 740: ट्रायल्स बाईकच्या गिअरबॉक्ससाठी एवढं महाग ऑईल घ्यावं का?

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू मोजक्याच लोकांच्या कामाचा आहे, कारण ट्रायल्स बाईक म्हटलं की आपल्याकडची निम्मी मंडळी विचारतात, "म्हणजे टेस्ट राईडची का?" नाही बाबांनो. सीट नसलेली, सत्तरेक किलोची बाईक असते, उभं राहूनच चालवायची, दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, झाडांच्या मुळांवरून, आणि स्पीडचा काही संबंध नाही. एका सेक्शनमध्ये (म्हणजे खुणा लावून आखलेला अवघड टप्पा) पाय एकदा टेकला की एक मार्क, दोनदा टेकला की दोन, त्याच्यावर कितीही टेकवा, तीन, आणि पडलात किंवा सेक्शन पुरा झालाच नाही तर सरळ पाच. ज्याला सगळ्यात कमी मार्क तो जिंकला. शाळेत मला कमी मार्कांची चांगली प्रॅक्टिस होती, पण इथं नेमके भरपूर पडतात.

मी राहतो लीड्सला, म्हणजे इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, आणि ह्या खेळाचं हे माहेरच समजा. बारा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला डगी लॅम्पकिन इथून जवळच्या सिल्सडेनचा, त्याचे वडील मार्टिन लॅम्पकिन 1975 सालचे वर्ल्ड चॅम्पियन. त्यामुळे रविवारी क्लबच्या ट्रायलला गेलं की सत्तरीतले आजोबासुद्धा आपल्या पुढून खडक चढून जातात आणि आपण खाली बाईक उचलत बसतो. माझी बाईक सेकंडहँड आहे, अडीचशे सीसी टू-स्ट्रोक, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली जो त्रास सांगतोय तो कमीजास्त प्रमाणात ह्या जातीच्या सगळ्याच बाईकना होतो.

टू-स्ट्रोक असल्यामुळे इंजिनचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं, मग लोकांना वाटतं ऑईलचा विषय संपला. तसं नाही, गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असतं, तेही साधारण अर्धा लिटरच, आणि त्याच अर्ध्या लिटरात क्लचपण बुडालेला असतो. रोडवरच्या बाईकला क्लच लागतो गिअर बदलायला, इथं क्लचच्या लिव्हरवर एक बोट कायमचं, दर दगडाला धर-सोड, धर-सोड, आणि प्लेटांचा जो काय भुगा निघतो तो सगळा त्या एवढ्याशा ऑईलमध्ये. म्हणून हे ऑईल कुठलं टाकता आणि कधी बदलता ह्याला ट्रायल्समध्ये जरा जास्तच महत्त्व आहे.

आता माझी चूक ऐका. बाईक घेतल्यावर पहिल्यांदा ऑईल बदलायचं म्हणून गेलो एका कारच्या पार्ट्सच्या दुकानात, काउंटरवरचा म्हणाला गिअरबॉक्स ना, मग गिअर ऑईल घे, आणि 80डब्ल्यू-90 जीएल-5 नावाचं घट्ट ऑईल हातात दिलं. मीपण मान डोलावली, कारण कोल्हापुरात मामाच्या गॅरेजमध्ये लहानपणापासून "गिअरला नव्वद नंबर" हे ऐकत आलेलो. (मामा ते नव्वद नंबर टेम्पोला टाकायचा, आरएक्स हंड्रेडच्या गिअरबॉक्सला इंजिनचंच वीस-चाळीस घालायचा, हे ज्ञान मला फोनवर नंतर मिळालं.) बाटली उघडली तेव्हाच सडक्या अंड्यासारखा वास आला होता, तो त्यातल्या गंधकाचा, असली ऑईलं गाडीच्या डिफरेन्शियलसाठी (दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) असतात, ओल्या क्लचसाठी नाहीत.

फेब्रुवारीची सकाळ, तीन डिग्री. पहिल्या सेक्शनच्या तोंडाशी क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला, धाडकन आवाज आला आणि क्लच दाबलेला असतानाच बाईक स्वतःहून निघाली पुढं, म्हणजे प्लेटा एकमेकींना सोडायलाच तयार नव्हत्या. समोर ऑब्झर्व्हर, म्हणजे मार्क देणाऱ्या बाई फोल्डिंगच्या खुर्चीत थर्मास घेऊन बसलेल्या, त्यांच्या खुर्चीच्या पायापासून वीतभर अंतरावर बाईक बंद पडली. बाईंनी चहाचा घोट घेतला, "क्लच चिकटलाय, लव्ह" एवढंच म्हणाल्या आणि कार्डवर शांतपणे पाच मार्क मारले.

दुपारी पार्किंगमध्ये ज्याला त्याला विचारत सुटलो तर तिघांनी एकच नाव घेतलं, एल्फ एचटीएक्स 740. फ्रेंच कंपनीचं, 75डब्ल्यू, रेसिंगच्या टू-स्ट्रोक गिअरबॉक्ससाठी बनवलेलं. आता 75 ऐकून मला वाटलं हेपण घट्टच असणार, पण गिअर ऑईलचे नंबर आणि इंजिन ऑईलचे नंबर ह्या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, गिअर ऑईलचं 75डब्ल्यू म्हणजे इंजिन ऑईलच्या साधारण दहा नंबरएवढं पातळ. लिटरला वीस पौंडांच्या आसपास पडलं मला, पोस्टेज वेगळं.

बदलणं तसं अवघड नाही. पाच-सात मिनिटं गल्लीत फिरवून बाईक कोमट केली म्हणजे ऑईल सुटून येतं. इंजिनला दगड लागू नये म्हणून खाली असते ती सम्प गार्डची प्लेट काढताना मात्र अर्धा वेळ गेला, कारण त्या बोल्टांच्या डोक्यात चिखल इतका ठासून बसलेला की एलन की आत जातच नव्हती, शेवटी दाभणानं टोकरून काढला. ड्रेन बोल्ट सोडला तर पाटी धुतलेल्या पाण्यासारखं करडं ऑईल आलं. करडं असलं तर घाबरायचं नाही, तो क्लचचा भुगा. दुधाच्या चहासारखं आलं तर मात्र समजायचं पाणी शिरलंय, ओढ्यातलं तरी नाहीतर वॉटर पंपाचं सील गेल्यामुळं कूलंट तरी, आणि मग कितीही भारी ऑईल टाकलंत तरी पैसे पाण्यात, अक्षरशः. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्याला काजळीसारखा लेप होता, बोटांत चोळून बघितला, कचकच लागली नाही, म्हणजे गिअरचे दात शाबूत.

बोल्ट परत लावताना नवीन वायसर घातला आणि हात आवरला. केसिंग अल्युमिनियमचं, एकदा आटे गेले की ऑईलच्या दहापट खर्च. मामा म्हणायचा तसं, "बोल्ट बसला की थांबायचं, ताकद दावायला तालीम हाय."

ऑईल मोजायला घरात मिलीचे आकडे असलेलं काहीच सापडेना म्हणून मुलीची जुनी दुधाची बाटली घेतली, नरसाळं लावून ओतलं, आणि लेव्हल बघायच्या काचेसाठी बाईक सरळ उभी हवी (साइड स्टँडवर ती फारच कलते) म्हणून बायकोला हाक मारली. तिनं हँडल धरलं, एक मिनिट काही बोलली नाही, मग म्हणाली, "ती बाटली कुणाची आहे?" पुढचा संवाद ह्या रिव्ह्यूच्या कक्षेबाहेरचा आहे.

तर फरक पडला का? पडला, आणि पहिल्याच सेक्शनला जाणवला. गिअर टाकताना धाडकन नाही, नुसतं टक. क्लच दाबला की बाईक जागेवर उभी, सोडताना नेमकी कुठं धरते ते बोटाला कळतं, आधी ते नुसतं मोघम होतं. मात्र जादू वगैरे नाही हां. थंडीत रात्रभर उभी राहिल्यावर प्लेटा थोड्या चिकटतातच, मी अजूनही इंजिन बंद असताना दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, बाईक चार वेळा मागंपुढं ढकलतो आणि मगच किक मारतो. जाणकार सांगतात की प्लेटांच्या फायबरच्या कडेला जास्तीचा गोंद राहिलेला असतो तो घासून काढला तर हेपण जाईल, पण त्याला क्लच उघडावा लागतो आणि सध्या घरात माझी पत कमी आहे.

स्वस्तात भागवायचं तर एटीएफ आहे, कारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ते लाल ऑईल. काही ट्रायल्स बाईकच्या मॅन्युअलमध्येच ते लिहिलेलं असतं, त्यांनी बिनधास्त तेच टाकावं. मीपण मधे एकदा टाकून बघितलं, टाइप एफ, ज्यात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारी रसायनं) नसतात ते. क्लच छान सुटला, पण गिअर जरा खरखरीत पडायला लागले असं मला वाटलं, दोन महिन्यांनी परत एल्फवर आलो. किमतीत निम्म्याहून जास्त फरक आहे, त्यामुळे दर दोन-तीन ट्रायलनंतर ऑईल बदलणारा असाल तर एटीएफच परवडेल, आणि खरं सांगायचं तर महागाचं ऑईल वर्षभर तसंच ठेवण्यापेक्षा स्वस्तातलं वेळेवर बदललेलं कधीही बरं. एल्फच्या एका बाटलीत दोनदा काम होतं, म्हणजे एका वेळचे दहा पौंड, ह्या हिशोबानं मला ते महाग वाटेनासं झालंय. इंडियातल्या आरएक्स आणि येझदीवाल्यांनी मात्र हे मागवायच्या भानगडीत पडू नये, त्यांचा क्लच असा दिवसभर छळला जात नाही. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो किमतीचा.

जुनं करडं ऑईल कॅनमध्ये भरून जिन्याखाली ठेवलंय, शनिवारी काउन्सिलच्या टिपवर (नगरपालिकेचं कचरा केंद्र) द्यायचंय, इथं गटारात ओतलं तर दंड होतो. मामाला फोनवर सगळं सांगितलं तर त्यानं आधी पौंडाचे रुपये विचारले, मग थोडा वेळ लाईनवर नुसता गॅरेजचा आवाज.

"दोन हजाराच्या वर? गिअरच्या तेलाला?"

"हो मामा."

"बरं. उरलेलं तिथं कुणाला दिऊ नगंस, येताना घिऊन ये, आरएक्समधी टाकून बघतो."