ज्या गळाला मी लागले, तोच गळ मी विकत घेतला

आम्ही गाद्या बनवतो. मी, माझा मोठा भाऊ आणि हाताखाली दहा-बारा माणसं. माल उत्तम आहे वगैरे मी म्हणणार नाही. या प्रकरणानंतर स्वतःच्या मालाला विशेषण लावायचीच धास्ती बसली आहे. एकदा गादी नेलेलं घर पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या खोलीसाठी पुन्हा आमच्याकडे येतं, एवढं मात्र खरं. अडचण होती नव्या माणसांची. वेबसाइटवर यायची, दोन पानं चाळायची आणि निघून जायची. दादा म्हणायचा, "आपल्याला लिहिता येत नाही. लोकांना विश्वास वाटेल असं कोणाकडून तरी लिहून घे."

२०२३ च्या शेवटी मी अशा लिहून देणाऱ्यांचा शोध घेत होते आणि एका एजन्सीचं पान समोर आलं. नाव सांगत नाही, कारण त्या नावाने ती आता कुठे दिसतही नाही. पानावर सहा हसरे चेहरे, प्रत्येकाखाली दोन ओळींचं कौतुक. मोठ्या कंपन्यांच्या बोधचिन्हांची एक पट्टी. कुठल्याशा कंपनीची विक्री अमुक पट वाढवल्याची केस स्टडी. आणि वर कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ: 'या महिन्यात फक्त २ जागा शिल्लक.' मी त्याच संध्याकाळी फोन केला. ते घड्याळ नसतं तर आठवडाभर विचार केला असता, हे मला आता नीट कळतं.

फोनवरचा गृहस्थ बोलायला मोठा गोड. गॅरंटी, शंभर टक्के असले शब्द त्याच्या तोंडी नव्हते. "मॅडम, आम्ही विकायला लिहीत नाही, नातं जोडायला लिहितो," म्हणाला. सहा महिन्यांचं काम, सगळी रक्कम आगाऊ दिली तर सवलत. मी दिली.

काम सुरू करताना त्याने माझ्याकडे काय मागितलं, ते सांगते. लोगो, रंगांचे कोड, तीन स्पर्धकांची नावं आणि वेबसाइटचं लॉगिन. संपलं. गादीत काय भरता, कोण घेतं, कोण परत करतं, लोक फोनवर काय विचारतात, यातलं एक अक्षर नाही. मला वाटलं, काय अनुभवी माणसं आहेत, विचारावंही लागत नाही! माझी सगळ्यात मोठी चूक कोणती असं कोणी विचारलं तर मी पैशांच्या आधी याच दिवसाकडे बोट दाखवेन. ज्याला माहिती नको असते, त्याने ती मनाने रचायचं आधीच ठरवलेलं असतं.

पहिल्या महिन्यात चाळीस लेख आले. मी तीन वाचले. तिन्हींची सुरुवात 'आजच्या धावपळीच्या जीवनात झोपेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' या वाक्याने किंवा त्याच्या सख्ख्या भावंडाने झाली होती. एकात आमच्या 'नैसर्गिक लॅटेक्सच्या थराचं' वर्णन होतं. आम्ही लॅटेक्स वापरतच नाही. मी कळवलं, दहा मिनिटांत ते वाक्य काढलं गेलं, आणि त्या तत्परतेवर मी खूश झाले! उरलेल्या सदतीस लेखांत आणखी काय काय असेल, हा प्रश्न काही मला पडला नाही.

मग ग्राहकांचे अभिप्राय आले. नाव, व्यवसाय, फोटो, सगळं साग्रसंगीत. 'दहा वर्षांची पाठदुखी तीन रात्रींत गेली.' हे कुठून आणलं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "हे प्रातिनिधिक आहेत मॅडम, सगळेच असं करतात." इथे मला स्वतःची चूक पोटात घालता येणार नाही. कुठलीही गादी तीन रात्रींत दहा वर्षांचं दुखणं घालवत नाही, हे गादीवाल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? पण ती वाक्यं आमच्या नावाखाली वाचायला छान वाटत होती. दोन दिवस मी गप्प बसले, तिसऱ्या दिवशी 'चालेल' असं कळवलं. त्यांच्या जोडीला एका अस्थिरोगतज्ज्ञाचं शिफारसवजा वाक्यही आलं, डॉक्टरांचं आडनाव न देता. आणि आमच्याही पानावर ते घड्याळ लागलं: 'सवलत संपायला २ तास १४ मिनिटं.' सवलत संपणार नव्हती. मुळात ती नेहमीचीच किंमत होती.

दर महिन्याला एक देखणा पीडीएफ अहवाल यायचा. वर चढत जाणारी हिरवी रेघ, खाली 'इम्प्रेशन्स'चा भला मोठा आकडा. इम्प्रेशन म्हणजे काय, तर शोधनिकालांच्या पानात आपला दुवा असणं. वाचणाऱ्याने तिथपर्यंत स्क्रोल केलं नसलं तरी गूगल ते मोजतं. दुकानावरून बस गेली आणि आतल्या सगळ्यांना गिऱ्हाईक म्हणून मोजलं, असा तो हिशेब. वेबसाइटवर येणाऱ्यांचा आकडाही फुगला होता. वेबसाइटवर कोण येतं ते मोजणारं गूगल ॲनालिटिक्स मी स्वतः उघडलं असतं तर दिसलं असतं की बरीचशी 'माणसं' आम्ही माल पाठवतच नाही अशा देशांतली होती आणि जेमतेम एक सेकंद थांबत होती. गूगल ॲनालिटिक्समध्ये भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली, दुसरं पान उघडलं गेलं किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तरच ती 'एंगेज्ड' धरतात. हा एक रकाना अहवालात कधीच नव्हता. अहवालात काय आहे यापेक्षा काय नाही ते बघायला मी फार उशिरा शिकले.

सहाव्या महिन्यात एका बाईंचं ईमेल आलं. त्यांनी अभिप्रायातल्या एका फोटोवर बोट दाबून धरलं होतं आणि तोच फोटो इंटरनेटवर शोधला होता. तेच गृहस्थ एका दंतवैद्याच्या वेबसाइटवर दातांची स्तुती करत होते आणि एका शिकवणीच्या पानावर मुलाच्या गुणांची. बाईंनी लिहिलं होतं, "तुमची गादी चांगली असेलही. पण जो माणूसच नाही त्याची पाठ तुम्ही बरी केलीत. माझ्या पाठीबद्दल तुमचं काय ऐकायचं?"

त्या रात्री मी झोपले नाही. (गादीवालीने हे लिहावं, काय करणार.) जे सहा महिन्यांपूर्वी करायचं ते सगळं तेव्हा केलं. आमच्या लेखांतली लांबलचक वाक्यं उचलून अवतरणचिन्हांत घालून शोधली. 'गादी'च्या जागी 'उशी' घातलेले तेच परिच्छेद दुसऱ्या एका व्यवसायाच्या पानावर सापडले. मग मोर्चा एजन्सीच्या स्वतःच्या पानाकडे वळवला. सहाही हसरे चेहरे विकतच्या फोटोंच्या संग्रहातले. केस स्टडीतल्या कंपनीचा मागमूस नाही. वेबसाइटांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये त्यांच्या पानाची वर्षभरापूर्वीची प्रत निघाली. तिथे हेच सहा चेहरे मोबाइल ॲप बनवून दिल्याबद्दल आभार मानत होते. शेवटी प्रायव्हेट विंडोत ते पान उघडलं. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. जागा अजूनही दोनच शिल्लक.

मला ज्या सामानाने पटवलं होतं, नेमकं तेच सामान मला विकलं होतं. ते चांगलं चालतं याचा पुरावा मीच होते, हा यातला सगळ्यात बोचरा भाग.

फोन केला तेव्हा तो गृहस्थ तितकाच गोड होता. करारात 'कंटेंट युनिट' असा शब्द होता, आणि ठरलेली युनिटं त्यांनी पोचवली होती. ती खरी असावीत, असं करारात कुठे होतं? खोटे अभिप्राय निदान काढून टाकावेत म्हणून लॉगिन केलं, तर कळलं की मधल्या काळात वेबसाइटचा मुख्य ॲडमिन त्यांचा ईमेल झाला आहे, आणि आपलं पान गूगलच्या शोधात कसं दिसतं ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलची मालकीही त्यांनी स्वतःच्याच खात्यावर घेतली आहे. मला फक्त लेख 'संपादित' करण्याची मुभा. स्वतःच्या दुकानावरची खोटी पाटी उतरवायला मला त्यांची परवानगी लागत होती. होस्टिंगवाल्यांकडे मालकी सिद्ध करून ताबा परत मिळवायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस तो दंतवैद्याचा गृहस्थ आमच्या पानावर हसत राहिला.

ताबा आल्यावर उरलेलं बाहेर आलं. त्यांनी जुगाराच्या आणि कसल्या कसल्या पानांवरून आमच्या वेबसाइटकडे दुवे विकत घेऊन ठेवले होते. शोधनिकालांतली क्रमवारी वाढवण्यासाठी दुवे विकत घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. पैसे देऊन घेतलेल्या दुव्याला तसं चिन्हांकित करावं लागतं, आणि त्यासाठीची 'स्पॉन्सर्ड' ही खूण २०१९ पासून आहे. लेखांचं त्याहून वाईट. लोकांसाठी न लिहिता शोधयंत्रासाठी लिहिलेला मजकूर मागे टाकू, असं गूगलने ऑगस्ट २०२२ मध्येच सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये तर ढिगाने मजकूर ओतण्याला स्पॅमच्या नियमांत स्वतंत्र कलम आलं, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. यंत्राची मदत घेणं हा गुन्हा नाही, हेतू आणि उपयोग पाहतो, असं गूगलचं म्हणणं आहे. आमच्या दोनशेच्या आसपास लेखांचा उपयोग कोणालाच नव्हता. त्या वसंतात आमची जुनी, आम्हीच वेड्यावाकड्या भाषेत लिहिलेली पानंसुद्धा शोधात खाली गेली.

आणि हे सगळं कोणाच्या नावावर? आमच्या. जाहिरातीतल्या दाव्याबद्दल पहिला जाब ज्याचा माल आहे त्याला विचारतात. अमेरिकेत खोटे अभिप्राय विकत घेण्या-विकण्यावर बंदी घालणारा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, आणि यंत्राने रचलेले अभिप्रायही त्यातून सुटत नाहीत. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांतल्या १३ प्रकारांत खोटी घाई लावणं हा एक प्रकार आहे. म्हणजे आमचं घड्याळ. आम्ही करार केला त्याच सुमाराची ही गोष्ट. 'सगळेच असं करतात' हे वाक्य मला पाठवणाऱ्याला यातलं काही माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. आजकाल माझा फारसा कशावर बसतही नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. चार ईमेलनंतर उत्तरं बंद झाली.

आता कोणी लिहून देणारा भेटला की मी आधी त्याच्या जुन्या ग्राहकाशी फोनवर बोलते. कागदावरचा अभिप्राय चालत नाही. करार करण्याआधी लॉगिन कोणाच्या ईमेलवर असतील ते लिहून घेते, आणि अहवाल त्यांच्या पीडीएफमध्ये घेत नाही, आमच्याच खात्यात डोकावून बघते. लेखाचे पैसे महिन्याच्या महिन्याला, तेही वाचून झाल्यावर. शिवाय एक छोटी परीक्षा घेते: 'आमची गादी कोणी घेऊ नये, यावर अर्धं पान लिहून द्या.' गेल्या वेळी चौघांना हे सांगितलं. तिघांनी मनाने लिहून पाठवलं. चौथीने उलट फोन करून विचारलं, "तुमच्याकडे परत आलेल्या गाद्यांची नोंद आहे का?" काम तिला दिलं.

नोंद होती. आमच्याकडे फोन घेणारा जो सहकारी आहे, त्याच्या वहीत. सहा वर्षांच्या वह्या. लोक काय विचारतात, का चिडतात, का परत पाठवतात, सगळं त्याच्या गिचमिड अक्षरात. पाठदुखीबद्दल फारसं कोणी विचारत नाही! विचारतात ते हे: एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला कळतं का, नव्या गादीचा वास किती दिवस राहतो, जिन्यातून वळेल का. आम्ही सहा महिने ज्या विषयावर दोनशे लेख छापले, त्यावर त्या वह्यांत पानभरही मजकूर नव्हता. ती लेखिका दोन दिवस वह्या घेऊन बसली, मग आमच्या परवानगीने नऊ ग्राहकांशी बोलली. दोघांनी नाव छापायला होकार दिला. त्यांतल्या एकाचं म्हणणं होतं की गादी बरी आहे, पण कडा लवकर बसल्या. आम्ही तेही छापलं. दादाला ते पटलं नव्हतं, अजूनही पटलेलं नाही.

त्या ईमेलवाल्या बाईंना मी सगळं खरं लिहून पाठवलं होतं, अगदी मी दोन दिवस गप्प बसले होते तेही. दोन महिने काही आलं नाही. मग एक ओळ आली: "पाच वर्षांनी गादी मधे किती खचते?" आम्हाला माहीत नव्हतं. दादाने बदलून दिलेली एक पाच वर्षांची गादी गोदामातून ओढून काढली, आडवी पट्टी ठेवून खोलगट भाग मोजला, फोटो काढले. आकडा काही अभिमानाने सांगावा असा नव्हता. तो त्यांना कळवला आणि फोटोंसकट वेबसाइटवरही टाकला. बाईंनी 'धन्यवाद' लिहिलं. गादी अजून तरी घेतलेली नाही.